खिशातला लिनक्स आणि विहिरीची नोंद

शाळेच्या परिसरातील विहिरी विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यायच्या आहेत, नोंदीसाठी खिशात मावणारे आणि लिनक्सवर चालणारे एखादे यंत्र सुचवा, अशी विचारणा आमच्याकडे शिक्षकांकडून अधूनमधून होते. विचारणाऱ्याने यंत्रांची माहिती बहुधा जमवलेली असते. प्रोसेसरचा वेग, स्मृती, किंमत, सगळे तोंडपाठ असते. विहिरीचे नेमके काय मोजणार, असे विचारले की मात्र उत्तर मोघम येते. म्हणून आम्ही येथे क्रम उलटा लावणार आहोत. आधी विहीर पाहू, मग यंत्र.

उदाहरणादाखल मुळशी तालुक्यातील भूगाव घेऊ. पुण्याहून पौड रस्त्याने निघून चांदणी चौक ओलांडला की थोड्याच वेळात हे गाव येते. खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावणारी राम नदी भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण अशी वाहत जाऊन पुढे मुळेला मिळते. खाली बेसाल्टचा कातळ आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत जेवढे पाणी मुरते तेवढेच विहिरीला मिळते. शहर या बाजूला सरकत आले तशा इमारती वाढल्या, बोअर वाढल्या, आणि पाणी टँकरने आणणेही लोकांच्या अंगवळणी पडले. अशा गावात जुन्या उघड्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजत राहणे हा शाळेला झेपणारा आणि गावाच्या उपयोगाचा उद्योग आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात हे काम करते आहे, परंतु तिच्या निरीक्षण विहिरी ठराविक असतात. गावातली प्रत्येक विहीर तिच्या वहीत येऊ शकत नाही. शाळेच्या वहीत येऊ शकते.

मोजणी अगदी साधी असते. वजन बांधलेली टेप कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून खाली सोडायची, पाण्यापर्यंतचे अंतर वाचायचे आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. (कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांना अजिबात नेऊ नये.) नोंदीत विहिरीचा क्रमांक, तारीख, वेळ, अंतर आणि शेरा एवढेच येते. म्हणजे एका वेळेला पंधरा-वीस अक्षरे आणि चार-पाच आकडे. एवढ्या कामाला संगणक हवाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. वहीवरून संगणकात उतरवताना होणाऱ्या चुका टळाव्यात आणि वेळ वाचावा, हे त्याचे एकमेव सबळ उत्तर. यंत्राने हे साधते की नाही, एवढ्याच कसोटीवर त्याची परीक्षा व्हावी.

आता लिनक्सकडे वळू. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. कोणीही ती घ्यावी, वाचावी, बदलावी आणि इतरांना द्यावी, अशा परवान्याखाली ती पसरली. परवान्याचे शुल्क नाही आणि आत काय चालले आहे ते उघडून पाहता येते, ही दोन्ही आकर्षणे शाळेच्या दृष्टीने खरी आहेत. खिशातल्या यंत्रात ही प्रणाली बसवून ती सामान्य माणसाच्या हाती देण्याचा मोठा प्रयत्न आपल्याच देशात झाला. तो मात्र आता बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे.

तो प्रयत्न म्हणजे सिम्प्युटर. ऑक्टोबर १९९८ मध्ये बंगळूर येथे विकसनशील देशांसाठी माहिती तंत्रज्ञान या विषयावर एक परिसंवाद झाला आणि त्यातून ही कल्पना निघाली. १९९९ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. एप्रिल २००१ मध्ये पहिला नमुना लोकांपुढे आला. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२० गुणिले २४० ठिपक्यांचा एकरंगी पडदा, लिहायला एक काडी, चालवायला तीन छोटे सेल आणि आत लिनक्स, असे त्याचे स्वरूप होते. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचा इरादा होता.

या यंत्राच्या रचनेत दोन गोष्टी अशा होत्या की आजही त्यांचे कौतुक वाटते. पहिली म्हणजे स्मार्ट कार्डाची खाच. गावात यंत्र एकच असणार, माणसे अनेक असणार, हे रचनाकारांनी गृहीतच धरले होते. प्रत्येकाने आपले कार्ड खुपसावे, आपली माहिती पाहावी, कार्ड काढून घ्यावे आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यावे. शाळेच्या वर्गाला ही कल्पना किती चपखल बसते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट आवाजाची. ज्याला वाचता येत नाही त्याला मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवण्याची सोय करण्याचा या मंडळींनी मनापासून प्रयत्न केला. यंत्राचा आराखडाही खुल्या परवान्याखाली ठेवण्याचे धाडस त्यांनी केले.

मग ते चालले का नाही? एप्रिल २००४ मध्ये पिकोपेटा ही कंपनी आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी मिळून अमिडा या नावाने ते बाजारात आणले. साध्या पडद्याचे यंत्र दहा हजारांच्या आत-बाहेर आणि रंगीत पडद्याचे सुमारे वीस हजार रुपये. अपेक्षा पन्नास हजार यंत्रांची होती, विक्री काही हजारांवर अडली. कर्नाटकात जमीन नोंदींच्या कामात आणि छत्तीसगडमध्ये शाळांत त्याचा वापर करून पाहिला गेला, पण प्रसार झाला नाही. मोबाइल स्वस्त झाला म्हणून सिम्प्युटर मागे पडला, असे याचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते बरोबर आहे, पण आम्हाला अपुरे वाटते. कोणत्या कामासाठी, कोणी, किती वेळ वापरायचे हे ठरण्यापूर्वीच यंत्र तयार होते. सगळ्यांसाठी सगळे करणारे यंत्र कोणत्याही एका कामात वहीला मागे टाकू शकले नाही. खुला आराखडा हा त्याचा मोठा गुण, पण मोडल्यावर तालुक्याच्या गावात दुरुस्ती होईल की नाही याचे उत्तर त्या आराखड्यात नव्हते.

महाराष्ट्रातही लिनक्स शाळेत पोचले होते. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या शाळेत २००७ मध्ये मुलांना एक्सओ हे हिरवे-पांढरे लॅपटॉप देण्यात आले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा तो भारतातला आरंभीचा प्रयोग होता. यंत्र दीड किलोच्या आसपास, म्हणजे खिशातले नव्हे. पण त्याचा पडदा भर उन्हात वाचता यायचा, आणि विहिरीच्या काठावर याचे महत्त्व फार मोठे आहे. नेहमीच्या रंगीत पडद्याला मागून दिवा लावलेला असतो. मे महिन्याच्या दुपारी त्या दिव्याची आणि सूर्याची स्पर्धा लागते, आणि तीत दिवा हरतो. एक्सओच्या पडद्यात किंवा सिम्प्युटरच्या एकरंगी पडद्यात बाहेरून येणारा प्रकाशच परत फिरवला जातो. त्यामुळे ऊन वाढले की अक्षरे उलट अधिक ठसठशीत दिसतात. जुन्या कॅल्क्युलेटरचा पडदा उन्हात नेऊन मुलांना हे दाखवता येईल. नंतरच्या यंत्रांत पडदे रंगीत आणि सुंदर झाले, परंतु शेतात काम करणाऱ्याचे त्यात नुकसानच झाले.

यानंतरच्या खिशातल्या लिनक्स यंत्रांची यादी लांब आहे आणि ती भरभर पाहिली तरी चालेल. शार्पच्या झौरस मालिकेत (२००२ आणि पुढे) चांगले छोटे कीबोर्ड होते. नोकियाचे एन८१० (२००७) सरकत्या कीबोर्डचे होते आणि त्यात उपग्रहावरून स्थान कळण्याची सोयही होती. बेन नॅनोनोट (२०१०) ९९ डॉलरला मिळे. त्यात बिनतारी जोडणी अजिबात नव्हती, आणि आमच्या मते नोंदीच्या कामात तो दोष नव्हता. पॉकेटचिप २०१६ मध्ये आले आणि २०१८ मध्ये ते बनवणारी कंपनीच बंद पडली. जेमिनी (२०१८) हे जुन्या सायन यंत्राची आठवण करून देणारे, घडीचे आणि देखणे होते. ही सगळी यंत्रे हौशी माणसांनी हौशी माणसांसाठी केली, आणि त्यांची परीक्षणेही त्याच मंडळींनी लिहिली. त्या परीक्षणांत मराठीत नोंद कशी करायची हा मुद्दा येण्याचे कारणच नव्हते. आपल्याला तो टाळता येत नाही.

कमी स्मृतीच्या लिनक्स यंत्रावर सर्वांत हलके आणि वेगवान काम होते ते चित्रांशिवायच्या, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर. नेमके तेथेच देवनागरी उमटत नाही. त्या पडद्याला जास्तीत जास्त ५१२ आकार ठाऊक असतात, आणि एक अक्षर एका चौकटीत, अशी त्याची शिस्त असते. आपल्या लिपीत इकार व्यंजनाच्या आधी येतो, जोडाक्षरे घडतात, रफार उडी मारून डोक्यावर बसतो. यासाठी अक्षरे जुळवणारी वेगळी आज्ञावली आणि चित्रांचा पडदा लागतो. मोठ्या लिनक्स संगणकावर हे सगळे उत्तम चालते. रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला लोहित हा टंक त्याच परंपरेतला आहे. पण छोट्या यंत्राचा जो हलकेपणा आपल्याला भुलवतो, तो मराठी आणल्याबरोबर बराचसा संपतो.

लिहिता आले म्हणजे संपले असेही नाही. 'झऱ्याजवळची विहीर' हे नाव पाहा. त्यातला 'ऱ्य' संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो. 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, 'र' खाली नुक्ता देऊन, किंवा 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र त्या वेगवेगळ्या अक्षरमाला असतात. काही आज्ञावल्या पहिले दोन प्रकार एक मानतात, तिसरा बाहेरच राहतो. तीन मुलांनी तीन यंत्रांवर नोंद केली की एका विहिरीच्या तीन विहिरी होतात. गावाच्या नावाचेही तसेच. भूगाव आणि भुगाव ही दोन गावे आहेत, असे संगणक बिनदिक्कत मानतो. त्यामुळे नाव कधीही टंकायला लावू नये. विहिरींना क्रमांक द्यावेत आणि नावांची यादी एकदाच, एका माणसाने करावी. आकडेही सर्वांनी एकाच प्रकारचे वापरावेत. देवनागरी अंकांत लिहिलेली संख्या काही तक्त्यांच्या आज्ञावल्या संख्या न मानता मजकूर मानतात आणि तिची सरासरी काढत नाहीत.

यंत्र निवडण्याच्या भरात विसरली जाणारी सर्वांत मोठी गोष्ट शून्याची आहे. आपण पाण्यापर्यंतची खोली नोंदवतो. मे महिन्यात विहीर कोरडी पडली, मुलाने 'पाणी नाही' म्हणून ० लिहिले. या नोंदीचा अर्थ पाणी जमिनीला टेकले आहे असा होतो! वर्षातला सर्वांत कोरडा दिवस आलेखावर सर्वांत ओला दिसतो. रकाना रिकामा सोडला तर विहीर कोरडी होती, कुलूपबंद होती की मुलेच गेली नाहीत, हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून 'मोजली', 'कोरडी', 'मोजता आली नाही' असा वेगळा रकाना हवा आणि त्यातला एक पर्याय निवडल्याशिवाय नोंद पुढे जाता कामा नये. आणखी एक पथ्य आहे. ४.३५ ऐवजी ४३.५ लिहिले गेल्यास यंत्राने टोकले पाहिजे, पण अडवता कामा नये. शेजारी पंप चालू असेल तर पातळी खरोखरच एका दिवसात खूप खाली गेलेली असू शकते. तो आकडा यंत्राला चमत्कारिक वाटला तरी आपल्याला तोच हवा आहे, पंपाच्या शेऱ्यासह.

यंत्राने चुका आपोआप कमी होतात का, हे गुजरातेत मोजून पाहिलेले आहे. सोमणी पटनाईक, एमा ब्रन्स्किल आणि विल्यम थीस यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आरोग्यसेवकांना मोबाइलवर तीन प्रकारे माहिती भरायला दिली होती. पडद्यावरच्या फॉर्ममध्ये ४.२ टक्के नोंदी चुकल्या, एसएमएसमध्ये ४.५ टक्के. फोनवर प्रत्यक्ष माणसाला सांगून नोंद केली तेव्हा मात्र चुका ०.४५ टक्क्यांवर आल्या. अभ्यास तेरा जणांचाच होता, तेव्हा आकडे ब्रह्मवाक्य मानू नयेत. पण जवळजवळ दहापट फरक नजरेआड करण्याजोगा नाही. ऐकणारा माणूस शंका आली की विचारतो, यंत्र विचारत नाही. शाळेत ही सोय फुकट आहे. एकाने टेप वाचून आकडा मोठ्याने सांगावा, दुसऱ्याने तो परत म्हणून मगच नोंदवावा.

वारणेचे उदाहरण यापेक्षाही जवळचे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा सहकारी समूहाच्या सुमारे सत्तर गावांसाठी १९९८ मध्ये संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. उद्देश मोठे होते. जगभरची माहिती शेतकऱ्याच्या दारात आणायची होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग उसाच्या वजनाच्या पावत्या, खताची मागणी असल्या रोजच्या नोंदींसाठी झाला. मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला आणि संगणकाचे तेच सारे काम साध्या मोबाइलवरून एसएमएसने होते, खर्च कमी येतो आणि शेतकऱ्यांनाही ते अधिक सोयीचे वाटते, असे दाखवले. लिनक्सचा येथे काहीच संबंध नव्हता. काम नेमके कोणते आहे हे एकदा कळल्यावर यंत्र किती लहान होऊ शकते, एवढ्यासाठी हे उदाहरण दिले.

घड्याळाचा मुद्दा वरवर किरकोळ दिसतो, पण हौशी यंत्रात तो हमखास आडवा येतो. रास्पबेरी पाय हा लोकप्रिय छोटा लिनक्स संगणक खिशातल्या पेटीत बसवून अनेकजण नोंदयंत्र तयार करतात. त्याच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत आत स्वतंत्र घड्याळ नव्हते, आणि पाचवीत ते आले तरी त्याचा सेल वेगळा जोडावा लागतो. वीज गेली की घड्याळ थांबते आणि इंटरनेट मिळाल्यावरच सुधारते. राम नदीच्या काठी इंटरनेट मिळाले नाही तर आजची नोंद जुन्याच तारखेने होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पातळी आठवड्यात बदलते, त्यामुळे तारीख चुकलेली नोंद टाकूनच द्यावी लागते.

मग घ्यावे काय? आमचे मत असे आहे की विहिरीवर न्यायला वेगळे यंत्र विकत घेऊच नये. शिक्षकाच्या खिशात जो अँड्रॉइड फोन आहे त्याचा गाभा लिनक्सचाच आहे, दुरुस्ती पौडलाही होते आणि मराठी नीट उमटते. त्यावर ओडीके ही खुली आज्ञावली घालावी. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये तिची सुरुवात झाली. जोडणी नसतानाही ती फॉर्म भरून घेते आणि नंतर पाठवते, प्रश्न मराठीत ठेवता येतात आणि वर सांगितलेली 'कोरडी'सारखी बंधने घालता येतात. अँड्रॉइड फोन पूर्णपणे खुला नसतो, त्यातले बरेचसे भाग कंपन्यांच्या कुलपात असतात, हा लिनक्सप्रेमींचा आक्षेप आम्हाला मान्य आहे. उन्हात पडदा दिसत नाही हा आमचाही आक्षेप आहे. त्यावर छत्री हाच उपाय. जोडीला पेन्सिलीची वही राहू द्यावी. पेन्सिल अशासाठी की शाई पावसात फुटते.

खुलेपणाचा आग्रह आम्ही धरू तो पुढच्या टप्प्यावर, नोंद जेथे साठते तेथे. युडायस, सरल यांसारख्या प्रणालींत माहिती भरणे हा शिक्षकांच्या कामाचा मोठा भाग झाला आहे. ती माहिती वर जाते. शाळेला स्वतःच्याच दहा वर्षांच्या आकड्यांवरून काही पाहायचे झाले तर हाताशी फारसे काही नसते. विहिरींच्या नोंदीचे असे होऊ नये. दर महिन्याला सर्व नोंदी स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकूर-फाइलमध्ये, युनिकोडमध्ये उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा त्यांची छापील प्रत काढावी. आमच्या पिढीने १९९० च्या दशकात श्रीलिपी, आकृती यांसारख्या टंकांत लिहिलेले मराठी आठवावे. त्या वेळी प्रत्येक टंकाची अक्षरांची मांडणी वेगळी असे. तो टंक जवळ नसेल तर आज त्या फाइली उघडल्यावर निरर्थक चिन्हांच्या रांगा दिसतात. माहिती शाबूत आहे, वाचता मात्र येत नाही. विहिरींच्या पातळीचे मोल वीस-पंचवीस वर्षांनी कळणार असल्याने ही काळजी आजच घ्यायला हवी. शाळेच्या संगणक कक्षात एखादे जुने यंत्र पडून असेल तर या कामासाठी त्यावर लिनक्स जरूर घालावे. नोंदी एकत्र करणे, चुका शोधणे, आलेख काढणे ही कामे ते उत्तम करते, आणि मुलांना आत काय चालले आहे ते उघडूनही दाखवता येते. खिशातल्या कीबोर्डच्या यंत्राची हौस असलेल्या शिक्षकाने ते स्वतःसाठी अवश्य घ्यावे, फक्त वर्गाचे काम त्यावर टाकू नये.

प्रत्यक्ष सुरुवात करताना प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक आडवी खूण आणि विहिरीचा क्रमांक लिहावा, कठड्याची उंची दोन मुलांकडून वेगवेगळी मोजून घ्यावी आणि टेप नेहमी त्या खुणेपासूनच सोडावी. पहिली नोंद मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधी व्हावी. सकाळी लवकर, शेजारचे पंप सुरू होण्यापूर्वी.